हॉपचे वाण : तुलना व इतिहास

बिअरला कडवटपणा, सुगंध व टिकाऊपणा आणणाऱ्या हॉप या वेलीचे लागवडीतील भेद. ही वेल (ह्यूम्युलस ल्युप्युलस; कुल – कॅनाबिनेसी) भांगेची जवळची आप्त असून तिचे शास्त्रीय नामकरण लिनीअस यांनी १७५३ मध्ये केले. जमिनीखालील मूलक्षोड अनेक वर्षे जगतो. जमिनीवरील वेल मात्र दर वसंत ऋतूत नव्याने फुटते, आधाराभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वेढे घेत एका उन्हाळ्यात ५ ते ७ मी. उंच चढते आणि हिवाळ्यापूर्वी वाळून जाते. नर व मादी वेली वेगवेगळ्या असतात. मद्यनिर्मितीस उपयोगी पडतात ती केवळ मादी वेलीची शंकूच्या आकाराची फळधारी कणिशे. त्यांच्या छदांच्या तळाशी पिवळसर, चिकट कणांच्या रूपात ल्युप्युलिन असते. बिअरला हॉपपासून जे जे मिळते, त्यातील मुख्य भाग याच पिवळ्या भुकटीतून येतो.

हॉपची लागवड बियांपासून केली जात नाही. बियांपासून उगवलेल्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि मादी रोपेही मातृवेलीसारखी नसतात. त्यामुळे शेतकरी मूलक्षोडाचे तुकडे लावतो. याचा अर्थ असा, की एखाद्या वाणाच्या लाखो वेली म्हणजे वस्तुतः एकच वेल होय. तिचे तुकडे गावोगाव पसरलेले असतात. जुन्या वाणाचा गंध दोनशे वर्षे टिकून राहिला, तो याच कारणाने. आणि एखादा रोग आला असता संपूर्ण प्रदेशाचे मळे एकाच वेळी बसले, तेही याच कारणाने. हॉपच्या वाणांचा इतिहास बऱ्याच अंशी या एका वनस्पतिशास्त्रीय वस्तुस्थितीचा इतिहास आहे.

तुलनेचे निकष : कोणत्याही दोन वाणांची तुलना करताना दोन द्रव्यसमूहांचा विचार प्रामुख्याने करावा लागतो : राळ व बाष्पनशील तेल. राळेतील अल्फा अम्ले (ह्यूम्युलोन, कोह्यूम्युलोन व ॲडह्यूम्युलोन) मुळात फारशी कडू नसतात व पाण्यात विरघळतही नाहीत. माल्टपासून काढलेल्या रसाबरोबर ती तासभर किंवा अधिक वेळ उकळली म्हणजे त्यांचे समघटकीकरण होते व बनलेली आयसो-अल्फा अम्ले रसात विरघळून त्यास कडवट चव देतात. हीच द्रव्ये लॅक्टोबॅसिलस यांसारख्या, बिअर आंबविणाऱ्या ग्रॅम-व्यक्त जंतूंची वाढ रोखतात. यीस्टवर त्यांचा तसा परिणाम होत नाही आणि म्हणूनच किण्वन बिनबोभाट चालते. बाष्पनशील तेलात मिर्सीन, ह्यूम्युलीन, कॅरिओफायलीन, फार्नेसीन इ. घटक असतात. दीर्घ उकळीत ते उडून जातात. म्हणून सुगंधासाठी वापरावयाचा हॉप उकळीच्या अखेरीस, किंवा किण्वनानंतर थंड बिअरमध्ये तसाच टाकतात. यावरून कडवट हॉप व सुगंधी हॉप असे दोन वर्ग व्यवहारात रूढ झाले. ही विभागणी सोयीची असली, तरी काटेकोर नाही.

आकड्यांत सांगावयाचे, तर बोहीमियातील झात्स वाणात अल्फा अम्लांचे प्रमाण साधारणपणे ३ ते ४ टक्के, हालर्टाउ मिटलफ्र्यूमध्ये ३·५ ते ५·५, इंग्लंडमधील गोल्डिंगमध्ये ४ ते ६, नॉर्दर्न ब्रूअरमध्ये ७ ते १०, टार्गेटमध्ये ९ ते १२ आणि जर्मनीतील हेर्क्युलेसमध्ये १२ ते १७ टक्के असते. यातील आर्थिक अर्थ समजून घेतला पाहिजे. हेक्टरी एक टन उत्पन्न व तीन टक्के अल्फा अम्ले धरल्यास एका हेक्टरातून ३० किग्रॅ. कडवट द्रव्य मिळते. दोन टन उत्पन्न व सोळा टक्के धरल्यास ३२० किग्रॅ. केवळ कडवटपणा विकत घ्यावयाचा असेल, तर पहिला मळा दुसऱ्यापुढे टिकण्याचे काहीच कारण उरत नाही. तरीही झात्सचे मळे शतकानुशतके टिकून आहेत. ते का टिकले व त्यांच्या बरोबरीचे इतर का टिकले नाहीत, हे पाहण्यासाठी मागे जावे लागते.

प्रारंभीचा इतिहास : यूरोपात हॉप रानटी स्थितीत, विशेषतः नदीकाठच्या झाडीत, सर्वत्र आढळतो. फ्रँकिश राजा पेपिन याने सेंट डेनिस मठास दिलेल्या ७६८ च्या दानपत्रात हॉपच्या मळ्यांचा उल्लेख मानला जातो. परंतु तो हॉप बिअरसाठीच होता, असे त्यावरून सिद्ध होत नाही. बिअर व हॉप यांची सांगड घालणारा जुना विश्वसनीय पुरावा ८२२ मधील असून तो उत्तर फ्रान्समधील कॉर्बी मठाच्या आडालहार्ट या मठाधिपतीने घालून दिलेल्या नियमांत आहे. बाराव्या शतकात बिंगेनच्या हिल्डेगार्ड या जोगिणीने हॉपच्या कडवटपणामुळे पेये अधिक काळ टिकतात, असे नोंदवून ठेवले. त्यापूर्वी व त्यानंतरही बराच काळ उत्तर यूरोपात बिअरमध्ये ग्रुइट नावाचे वनस्पतींचे मिश्रण घालीत. ते विकण्याचा हक्क सरदार, धर्मपीठे किंवा नगरे यांच्याकडे असे व त्यावर त्यांना उत्पन्न मिळे. हॉपला झालेल्या विरोधामागे चवीइतकेच हे उत्पन्नही होते. तेराव्या शतकात ब्रेमेन व हँबर्ग या बंदरांतून हॉपयुक्त बिअर समुद्रमार्गे निर्यात होऊ लागली आणि ग्रुइटची बिअर दूरच्या प्रवासात तिच्यापुढे टिकू शकली नाही. १५१६ मध्ये बव्हेरियाच्या ड्यूकांनी इंगोलश्टाट येथे काढलेल्या फर्मानाने बिअरमध्ये बार्ली, हॉप व पाणी यांखेरीज काहीही घालण्यास मनाई केली.

इंग्लंडमध्ये हॉपयुक्त बिअर प्रथम नेदर्लंड्सच्या बाजूने आली. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात केंटमध्ये लागवड सुरू झाली व १५७४ मध्ये रेनल्ड स्कॉट यांचे हॉपच्या मळ्यावरील इंग्रजीतील पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. १७१० मध्ये हॉपवर पौंडामागे एक पेनी कर बसला आणि त्याच वेळी हॉपऐवजी अन्य कडू पदार्थ बिअरमध्ये घालण्यास बंदी झाली. हा कर १८६२ पर्यंत चालू राहिला. या साऱ्या काळात ‘वाण’ ही कल्पना आजच्या अर्थाने नव्हती. व्यापारी मालाची ओळख गावाच्या नावाने पटवीत : फार्नहॅमचा हॉप, कँटरबरीचा हॉप, श्पाल्टचा हॉप, झात्सचा हॉप. श्पाल्ट या बव्हेरियन गावाला आइखश्टेटच्या बिशपकडून १५३८ मध्येच आपल्या हॉपवर मोहोर उठविण्याचा अधिकार मिळाला होता. गोणीवरील मोहोर म्हणजे गंधाची हमी. त्यामुळे हलक्या प्रदेशातील हॉप नामांकित गावाच्या गोण्यांत भरून विकण्याचे प्रकारही जुनेच आहेत. बोहीमियाचा राजा चौथा चार्ल्स याने हॉपची कलमे देशाबाहेर नेणाऱ्यास देहान्त शिक्षा ठेवली होती, असे नेहमी सांगितले जाते. या कथेस भक्कम आधार दाखविला जात नाही. पण तिच्यावर लोकांचा विश्वास बसला, यावरून त्या मालाची किंमत कळते.

गोल्डिंग व फगल : गावाच्या नावाऐवजी वेलीच्या नावाने ओळखला जाणारा पहिला मोठा वाण म्हणजे गोल्डिंग. अठराव्या शतकाच्या अखेरीस केंटमधील गोल्डिंग नावाच्या एका मळेवाल्याने आपल्या कँटरबरी वाणाच्या मळ्यात एक उत्कृष्ट वेल हेरली व तिची कलमे वाढवून पसरविली. लागवडीस नाजूक, उत्पन्नास बेताचा, पण नितळ व सौम्य सुगंधाचा हा हॉप पुढे इंग्लंडमधील फिकट एल बिअरचा आधार झाला. भारताशी हॉपच्या वाणांचा संबंध येतो तो येथे. लंडनच्या बो भागातील जॉर्ज हॉजसन यांच्या कारखान्यातून व नंतर बर्टन येथील कारखान्यांतून मुंबई, मद्रास व कलकत्ता या बंदरांकडे जाणाऱ्या फिकट एलमध्ये हॉप सढळ हाताने घालीत. शिवाय पिंप बंद करण्यापूर्वी त्यात मूठभर सुका हॉप टाकीत. या पेयासाठी पूर्व केंटचा गोल्डिंग विशेष पसंत केला जाई. मात्र भारताच्या प्रवासात टिकावी म्हणून ही बिअर मुद्दाम शोधून काढली गेली, ही लोकप्रिय समजूत अतिशयोक्त आहे. काळी पोर्टर बिअरही त्याच जहाजांतून मोठ्या प्रमाणावर येत असे व तीही सुस्थितीत पोहोचत असे.

फगल हा गोल्डिंगचा प्रतिस्पर्धी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील. जॉन पर्सिव्हल यांनी १९०१ मध्ये नोंदविलेल्या हकिकतीनुसार हॉर्समंडन येथील एका घराच्या बागेत हॉपच्या टोपलीतून सांडलेल्या बीपासून हे रोप १८६१ च्या सुमारास आपोआप उगवले आणि ब्रेंचली येथील रिचर्ड फगल यांनी ते १८७५ च्या सुमारास बाजारात आणले. या हकिकतीच्या तपशिलांविषयी पुढील अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. उगम कसाही असो, फगल गोल्डिंगहून काटक, भारी चिकणमातीत चांगला येणारा आणि भरघोस होता. त्याचा गंध काहीसा मातकट व लाकडी. गोल्डिंगइतका तलम नव्हे. बाजारात त्याला गोल्डिंगहून कमी भाव मिळे, परंतु एकरी हिशेबात शेतकऱ्याच्या हाती अधिक पैसे राहत. इंग्लंडमधील हॉपचे क्षेत्र १८७८ मध्ये ७०,००० एकरांवर पोहोचून पुढे सतत घटत गेले. या घटत्या क्षेत्रात फगलचा वाटा मात्र वाढतच गेला व १९४९ च्या सुमारास तो तीन चतुर्थांशांहून अधिक झाला. एका वाणावर इतके विसंबणे किती धोक्याचे आहे, हे कळण्यास तोपर्यंत सुरुवात झाली होती. १९२४ मध्ये केंटमधील पेन्सहर्स्ट येथे व्हर्टिसिलियम कवकामुळे होणारा मर रोग प्रथम आढळला. हे कवक मातीतून मुळांत शिरते व वेलीच्या जलवाहिन्या बंद करते. औषध फवारून त्यास आवरता येत नाही. फगल या रोगास अत्यंत लवकर बळी पडे. रोगट वेली उपटून जाळणे एवढाच उपाय शेतकऱ्यांपुढे होता आणि केंटमध्ये त्यांच्या साऱ्या फगल मळ्यांची परिस्थिती हळूहळू तीच झाली.

वेगवेगळ्या देशांत एकच वाण वेगळ्या नावांनी कसा नांदतो, याचेही फगल हे ठळक उदाहरण आहे. स्लोव्हेनियातील साविन्या खोऱ्यात दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंडहून आणून लावलेला आणि ‘स्टिरियन गोल्डिंग’ म्हणून जगभर नावाजलेला हॉप वस्तुतः गोल्डिंग नसून फगल आहे. अमेरिकेत ‘टेटनांग’ नावाने वाढविलेला हॉपही जर्मनीतील मूळ टेटनांगशी जुळत नाही. तोही फगलशीच जुळतो. वासावरून वाण ओळखता येतो, असे म्हणणाऱ्या अनुभवी खरेदीदारांनी या तिन्ही मालांचे भाव व गुण अनेक वर्षे वेगवेगळे सांगितले. माती, हवामान, काढणीची वेळ व भट्टीतील सुकवणी यांचा गंधावर किती परिणाम होतो, हे यावरून दिसते. तसेच नावाचा खरेदीदाराच्या नाकावर किती परिणाम होतो, हेही दिसते.

मॅनिटोबाची रानवेल : हॉपच्या वाणांच्या इतिहासातील निर्णायक घटना केंटमधील वाय कॉलेजात घडली. अर्नेस्ट स्टॅन्ली सॅमन (१८७१–१९५९) हे कवकवैज्ञानिक १९०६ मध्ये तेथे रुजू झाले. भुरी रोगाच्या कवकांवरील त्यांचे संशोधन आधीच मान्यता पावले होते. भुरीस दाद न देणारा हॉप शोधता शोधता ते संकरणाकडे वळले. तोपर्यंत नवे वाण म्हणजे मळ्यात दैवाने सापडलेली वेल. दोन निवडक पालकांपासून हेतुपूर्वक नवा हॉप निर्माण करण्याचे पद्धतशीर काम सॅमन यांनी सुरू केले. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातील मॉर्डन येथे वाढणाऱ्या एका रानटी मादी हॉपचे कलम प्रा. डब्ल्यू. टी. मॅकून यांनी त्यांना १९१६ मध्ये पाठविले. मळ्यातील जागेवरून त्या वेलीस ‘बीबी-१’ असा क्रमांक मिळाला. १९१८ मध्ये तिला नैसर्गिक परागणाने बिया धरल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात वेल मेली. मागे राहिल्या त्या बिया.

त्या बियांपासून १९१९ मध्ये वाढविलेल्या रोपांतून पुढे ब्रूअर्स गोल्ड (१९३४) व बुलियन (१९३८) हे दोन वाण लागवडीस देण्यात आले. इंग्लंडमधील जुन्या वाणांच्या तुलनेत त्यांच्या राळेचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. परंतु बिअर-उत्पादकांनी त्यांचे स्वागत केले नाही. अमेरिकन हॉपचा म्हणून ओळखला जाणारा एक उग्र, काळ्या मनुका-बेरीसारखा, काहींच्या मते बोक्याच्या मुताची आठवण देणारा वास या हॉपना येतो, अशी तक्रार झाली. गोल्डिंग व फगल यांच्या गंधावर वाढलेल्या पिढीच्या दृष्टीने तो दोष होता आणि त्या काळच्या बिअरचा विचार करता ही तक्रार अवास्तवही नव्हती. सॅमन यांनी मग कँटरबरी गोल्डिंगचा संकर ब्रूअर्स गोल्डच्या वंशातील नराशी करून गंध सौम्य करण्याचा प्रयत्न केला. त्यातून आलेला नॉर्दर्न ब्रूअर १९४४ मध्ये प्रसृत झाला.

मृत झालेल्या त्या एका रानवेलीचे रक्त आज जगातील बहुतेक उच्च-अल्फा वाणांत आहे. अमेरिकेतील आयडाहो येथे निघालेला गलीना (१९७८) हा ब्रूअर्स गोल्डची थेट संतती. नगेट (१९८२) व सेंटेनियल (१९९०) यांच्या वंशावळीतही ब्रूअर्स गोल्ड आहे. जर्मनीतील माग्नुम हा गलीनापासून आणि पेर्ले (१९७८) हा नॉर्दर्न ब्रूअरपासून झालेला. अधिक लक्षणीय गोष्ट म्हणजे जो गंध १९३० नंतरच्या दशकात दोष ठरला, तोच पुढे गुण ठरला. त्यामागे गंधकयुक्त थायॉल संयुगे असून ती अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवतात, हे रासायनिक विश्लेषणाची साधने सुधारल्यानंतर समजले. सॅमन यांच्या समकालीनांची घ्राणशक्ती कमी होती असे नव्हे. त्यांना हवी होती ती बिअर वेगळी होती.

वाय येथील काम पुढे रे नीव्ह यांनी चालविले. मर रोगाविरुद्ध टिकाव धरण्याचा गुण प्रथम ‘व्हिटब्रेड गोल्डिंग’ या वाणात ध्यानात आला. १९११ च्या सुमारास केंटमध्ये निघालेला हा वाण नावात गोल्डिंग असूनही खरा गोल्डिंग नव्हे. मर व भुरी या दोहोंस बऱ्याच अंशी दाद न देणारा व अल्फा अम्लांनी समृद्ध असा टार्गेट १९७२ मध्ये आला. रोगाने रिकाम्या झालेल्या मळ्यांत तो झपाट्याने पसरून काही काळ इंग्लंडमधील सर्वाधिक लागवडीचा वाण झाला. मळा वाचला, पण फगल गेला तो केंटऐवजी पश्चिमेकडील परगण्यांत थोडा तग धरून राहिला. वाय येथील सार्वजनिक निधीवर चालणारा हॉप संशोधन विभाग २००७ मध्ये बंद झाला व काम खाजगी संस्थेकडे गेले.

मध्य यूरोप : बोहीमियातील झात्स (चेक भाषेत झातेत्स) भागातील तांबड्या वेलीच्या हॉपची निवड एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्रिश्टॉफ सेम्श या शेतकऱ्याने केली. १८४२ मध्ये पिल्सेन येथे योसेफ ग्रोल यांनी तयार केलेल्या फिकट सोनेरी लागर बिअरने झात्स हॉपला जागतिक कीर्ती मिळवून दिली. या बिअरचा माल्ट इतका सौम्य, की त्यात भरड कडवटपणा लगेच उघडा पडतो. झात्सच्या तेलात फार्नेसीनचे प्रमाण लक्षणीय असून अल्फा अम्लांत कोह्यूम्युलोनचा वाटा कमी असतो. कोह्यूम्युलोन अधिक असल्यास कडवटपणा खरखरीत लागतो, असे मत रिग्बी यांनी १९७२ मध्ये मांडले. ते पूर्णपणे सिद्ध झाले आहे, असे म्हणता येत नाही. तथापि कित्येक वर्षे नवे वाण निवडताना हा आकडा पाहण्याची रीत त्यामुळे पडली. १९२७ पासून कारेल ओस्वाल्ड (१८९९–१९४८) यांनी झात्सच्या जुन्या मळ्यांतून उत्तम वेली निवडून त्यांचे कृंतक वाढविले. त्यांपैकी ३१, ७२ व ११४ या क्रमांकांचे कृंतक १९५२ मध्ये मान्य झाले आणि आजही तेच लावले जातात. येथे संकराऐवजी निवडीवर भर देण्यात आला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चेक प्रजासत्ताकातील हॉपच्या क्षेत्रापैकी चार पंचमांशांहून अधिक क्षेत्र अद्याप या एका वाणाखाली आहे.

बव्हेरियातील हालर्टाउचा मार्ग निराळा झाला. १९२०–३० च्या दरम्यान केवडा रोगाने जर्मनीतील मळ्यांचा धुव्वा उडविला आणि त्या आपत्तीतूनच १९२६ मध्ये हॉप संशोधनासाठी संस्था स्थापन होऊन ह्यूल येथे केंद्र निघाले. पुढे मर रोगाने हालर्टाउ मिटलफ्र्यू या तलम सुगंधी वाणास घेरले. त्याच्या जागी शेतकऱ्यांनी इंग्लंडचा नॉर्दर्न ब्रूअर लावला, कारण तो मर रोगास टिके. अशा रीतीने मॅनिटोबाच्या रानवेलीचा अंश बव्हेरियात पोहोचला. त्यानंतर ह्यूल येथे पेर्ले, माग्नुम, हालर्टाउर ट्रॅडिशन हे वाण निघाले. २००५ मधील हेर्क्युलेसने अल्फा अम्लांच्या बाबतीत सर्वांना मागे टाकून जर्मनीतील क्षेत्रात पहिला क्रमांक मिळविला.

इंग्लंड व जर्मनी यांच्यातील एक जुना भेद येथे नोंदविला पाहिजे. जर्मनीत मळ्याच्या आसपासच्या नर वेली कसोशीने नष्ट करतात, त्यामुळे शंकू बीविरहित राहतात. इंग्लंडमध्ये मात्र मळ्यात मुद्दाम काही नर वेली ठेवीत. परागण झालेले शंकू मोठे व वजनदार होत आणि हॉप वजनावर विकला जाई, हे त्याचे साधे कारण. बीच्या वजनाचे पैसे आपण का द्यावेत, असे यूरोपीय खरेदीदार विचारीत. त्यास समाधानकारक उत्तर इंग्लिश मळेवाल्यांपाशी नव्हते.

अमेरिका : अमेरिकेतील जुना प्रमुख वाण क्लस्टर हा वसाहतवाल्यांनी आणलेला यूरोपीय हॉप व स्थानिक रानटी हॉप यांच्या संकरातून निपजला, असे मानतात. उत्पादनाचे केंद्र प्रथम न्यूयॉर्क राज्यात होते. रोग व किडी यांमुळे ते पश्चिम किनाऱ्याकडे व अखेर वॉशिंग्टन राज्यातील याकिमा खोऱ्याकडे सरकले. कोरडी हवा व कालव्याचे पाणी यांमुळे तेथे केवडा रोगाचा उपद्रव कमी असतो. सुगंधी हॉपसाठी मात्र अमेरिकन उत्पादक यूरोपवर अवलंबून असत. फगल व रशियातील सेरेब्रियांका यांचा वंश असलेले कॅस्केडचे रोप ओरेगनमधील कॉर्व्हालिस येथील शासकीय संशोधन केंद्रात १९५६ मध्ये निर्माण झाले होते. ते सोळा वर्षे बाजूला पडून राहिले. हालर्टाउ मिटलफ्र्यूचा पुरवठा मर रोगामुळे अनिश्चित झाला, तेव्हा एका मोठ्या उत्पादकाने त्यात रस घेतला व १९७२ मध्ये कॅस्केड प्रसृत झाला. तो हालर्टाउची जागा घेईल ही अपेक्षा फोल ठरली, कारण त्याचा द्राक्षफळ व संत्र्याच्या सालीसारखा गंध मुळीच हालर्टाउसारखा नव्हता. मोठ्या कारखान्यांनी तो सोडून दिला. नेमका हाच गंध सॅन फ्रॅन्सिस्को येथील अँकर कारखान्याने १९७५ मध्ये व सिएरा नेव्हाडाने १९८० मध्ये आपल्या एलमध्ये पुढे आणला आणि छोट्या कारखान्यांच्या चळवळीस तिचा विशिष्ट स्वाद मिळाला.

कॅस्केड हा शासकीय वाण. कोणीही तो लावू शकतो. त्यानंतर आलेले सिमको (२०००), सिट्रा (२००७) यांसारखे वाण खाजगी मालकीचे असून त्यांच्या वेलीवर एकस्व व नावावर व्यापारचिन्ह असते. शेतकरी परवान्याविना ते लावू शकत नाही. पूर्वी गावाच्या नावात असलेली पत आता कंपनीच्या नावाकडे गेली. २०१० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सिट्राने अमेरिकेत कॅस्केडला मागे टाकले. परंतु मागणीचा अंदाज चुकून साठे तुंबले आणि २०२३ व २०२४ मध्ये तेथील क्षेत्र मोठ्या प्रमाणात कमी करावे लागले. लावलेली वेल पूर्ण उत्पन्नावर येण्यास दोन-तीन वर्षे लागतात, बिअरमधील आवड मात्र त्याआधीच पालटते. सुगंधी वाणांच्या शेतीतील ही जुनीच अडचण आहे.

न्यूझीलंडने वेगळाच मार्ग काढला. तेथील कॅलिफोर्नियन क्लस्टर मुळे कुजण्याच्या रोगाने खंगू लागल्यावर नेल्सन भागात संकरणाचे काम सुरू झाले व पुढे त्रिगुणित, म्हणजे बहुधा बीविरहित राहणारे वाण तयार करण्यात आले. द्राक्षमद्याचा भास देणारा नेल्सन सोव्हिन (२०००) हा त्याच केंद्राचा वाण होय.

भारत : हॉपला हिवाळ्यात थंडीची विश्रांती व उन्हाळ्यात लांब दिवस लागतात, त्यामुळे साधारणपणे ३५° ते ५५° अक्षांशांच्या पट्ट्यात तो उत्तम येतो. दक्षिण आफ्रिकेतील जॉर्ज भागात दिवस तोकडा पडत असल्यामुळे पूर्वी मळ्यांत रात्री दिवे लावून तो लांबवीत. नंतर तेथील हवामानास जुळणारे वाण काढण्यात आले. महाराष्ट्रात दिवसाची लांबी व हिवाळा या दोन्ही बाजू प्रतिकूल असल्याने हॉपची व्यापारी शेती झाली नाही व पुणे, मुंबई येथील कारखाने आयात हॉपवर चालतात. काश्मीरमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रणबीरसिंह महाराजांच्या काळी दुबगाम येथे हॉपचा मळा लावण्यात आला. हिमाचल प्रदेशातील लाहूल खोऱ्यात १९७० नंतर लागवड वाढली. तेथे लेट क्लस्टर, गोल्डन क्लस्टर व ‘हायब्रिड-२’ हे वाण प्रचारात आले. हॉपला निश्चित खरेदीदार न मिळाल्याने शेतकरी वाटाणा, बटाटा व फुलकोबी या नगदी पिकांकडे वळले. उंच, कोरड्या खोऱ्यात हॉप येतो. प्रश्न हवामानाइतकाच बाजारपेठेचाही आहे.

यूरोपातील जुन्या सुगंधी वाणांपुढे अलीकडे नवी अडचण उभी राहिली आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९९४ पूर्वीच्या काळाशी तुलना करता मध्य यूरोपातील हॉप सुमारे वीस दिवस आधी पक्व होऊ लागला असून त्याचे उत्पन्न व अल्फा अम्लांचे प्रमाण ही दोन्ही घटली आहेत. २०५० पर्यंत उत्पन्नात ४ ते १८ टक्के व अल्फा अम्लांत २० ते ३१ टक्के घट संभवते, असा त्यातील अंदाज आहे. त्याच वर्षी झातेत्स शहर व भोवतालचे हॉपचे मळे यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाले. या यादीने सुकवणीच्या भट्ट्या, गोदामे व मळ्यांची रचना यांस संरक्षण मिळते. वेलीचे काय, हा प्रश्न शेतकऱ्यांकडे व संशोधकांकडेच राहतो. काही मळे उंच व थंड जागी हलविण्याचे, सिंचन वाढविण्याचे आणि झात्सच्या गंधाशी जुळणारे पण उष्णता सोसणारे नवे संकरज काढण्याचे प्रयत्न तेथे चालू आहेत. अशा संकरजांना झात्सच्याच नावाने विकावे काय, याविषयी बिअर-उत्पादकांत मतभेद आहेत.